दुपट्याचा चौथा कोपरा

आमच्या आईचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, एक गावची देवी आणि दुसरं तिचं स्वतःचं नाक. भैयाचं दूध, टँकरचं पाणी, रेशनची साखर, शेजारणीने वाटीतून आणलेली कोशिंबीर, सगळं आधी नाकाशी जाई आणि मगच ओट्यावर टेके. बाबा म्हणायचे, "हिला देवळात तीर्थ दिलं तरी आधी वास घेईल." आई शांतपणे म्हणायची, "घेईन. देणारा भटजी ओळखीचा आहे का आपल्या?" हे माझ्यातही उतरलंय. आज पन्नाशी उलटली तरी कुलूप लावलं की ओढून बघते, जिना उतरते आणि परत वर येऊन ओढते. मुलं हसतात. हसू देत. आमच्या घरात आजवर चोरी झालेली नाही.

आम्ही चाळीतून खांदेश्वरच्या नव्या वसाहतीत राहायला आलो आणि आईच्या संशयाला मोकळं रान मिळालं. चाळीत कोण कसं आहे हे तिला पाठ होतं, त्यामुळे कुणावर किती संशय घ्यायचा याचा हिशोब ठरलेला होता. इथे सगळी दारं बंद आणि दारांवर नुसत्या आडनावांच्या पाट्या. स्टेशनचं काम तेव्हा अर्धवट होतं. संध्याकाळी वारा सुटला की बाजूच्या बांधकामांवरचे पत्रे खडखडत राहायचे आणि आई दाराच्या भिंगाला डोळा लावून जिन्यातून कोण वर गेलं ते बघायची. मला तिने सुरुवातीलाच बजावलं होतं की इथे कुणाला काही सांगायचं नाही आणि कुणाकडे काही खायचं नाही. मी पहिली गोष्ट पाळली.

समोरच्या दारात हिरामावशी राहायच्या. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या. त्यांचे मालक वाशीच्या मार्केटात माथाडी होते, पहाटे जायचे. ते गेले की मावशींच्या स्वयंपाकघरातून ज्वारीची भाकरी थापल्याचा आवाज यायचा, ठप्प ठप्प, आणि मागोमाग खर्ड्याचा ठसका. त्या ठसक्याने आमच्या घरात सगळे खोकत उठायचे. मावशींना मूल नव्हतं. आई हे कधी पूर्ण बोलायची नाही. "तिला स्वतःला नाही ना..." एवढंच म्हणून ती कोथिंबीर निवडायला घ्यायची.

बाबा पावणे एमआयडीसीत परदेशी जाणारे फ्रॉक शिवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथली कातरणं ते पोतेऱ्यासाठी बोचकं बांधून आणायचे. एकदा ते बोचकं जिन्यातच सुटलं आणि सगळ्या पायऱ्यांवर फुलाफुलांच्या, चौकड्यांच्या, रेघांच्या चिंध्या पसरल्या. हिरामावशी दार उघडून बघत राहिल्या. मग खाली बसून त्या एकेक चिंधी उचलून मांडीवर सारख्या करायला लागल्या. "आवं भाऊ, ह्यानं फरशी पुसताय? पाप लागंल की!" बाबांनी हसत सगळं बोचकं त्यांना देऊन टाकलं. त्या रात्री आई जेवताना म्हणाली, "चिंध्यांचं काय करणार आहे ती? कुणाला चिंध्यांचा एवढा आनंद होतो?"

काय करणार ते थोड्याच दिवसांत दिसलं. मावशींच्या ग्रीलला वाकळा वाळत पडायला लागल्या. आम्ही गोधडी म्हणतो, त्या वाकळ म्हणायच्या. आणि काय देखण्या! पिवळ्या फुलांना लागून काळी चौकट, तिच्या पोटात गुलाबी रेघा, मधेच कुठेतरी एक लालभडक तुकडा, कुंकवासारखा. एका जातीचे दोन तुकडे त्या कधी शेजारी ठेवायच्या नाहीत. "सारकी सारकी मानसं एका जागी बसली की भांडत्यात," असं त्यांचं म्हणणं. खाली जुनं धोतर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर डबे ठेवून ते ताणायचं, वर चिंध्या मांडायच्या आणि मग मेणबत्तीवरून ओढलेल्या जाड दोऱ्याने कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचा. आता प्रदर्शनांतून असल्या गोधड्या भिंतीवर टांगलेल्या असतात आणि शेजारी हात लावू नका अशी पाटी असते. मी तरी कोपरे चाचपून बघतेच. का, ते पुढे येईल.

माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण नंदाताई बाळंतपणाला आली. तिचं आधीचं एक मधेच गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, पण त्यामुळे आईचं नाक आणि डोळे दोन्ही तिखट झाले होते. ताईच्या ताटातलं ती आधी स्वतः चाखायची. ताईला जिन्यात एकटं सोडायची नाही. अशात एका दुपारी हिरामावशी आल्या आणि दारातच उभं राहून म्हणाल्या, "नंदाच्या आई, लेकराला दुपटं शिवती. नंदाच्या अंगावरचा एक जुना गाऊन द्या. आन तुमच्या लुगड्याचा येक तुकडा."

आईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. आमच्या कोकणात अंगावरचं कापड परक्या हाती देत नाहीत. केस, नख आणि नेसतं कापड, या तीन गोष्टींवरूनच करणी होते असं आईने तिच्या आईकडून ऐकलेलं. आमच्या जुन्या साड्या आई भांडीवालीला सुद्धा द्यायची नाही. त्यांच्या बारीक चिंध्या करून ती त्या न्हाणीच्या बंबात जाळायची, आणि बंब सुटल्यावर गच्चीत. ती म्हणाली, "कारखान्यातलं कोरं कापड आहे की एवढं. त्याचंच शिवा."

"कोऱ्या कापडाला मानूस ठाव नसतंय, बाय. लेकराला चार घरचं अंगावरचं कापड लागतंय. गावाकडं वस्तीवरनं गोळा करत्यात. हितं कुटलं गाव? आपला जिना हेच आपलं गाव." आणि खरंच त्या जिन्यातल्या प्रत्येक घरी फिरल्या. कुणी लुंगीचा तुकडा दिला, कुणी पोरीच्या परकराचा, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बायकोने तर चक्क सेक्रेटरींचा जुना झब्बा दिला. आई दारामागून बघत होती. नंदाताई म्हणाली, "आई, टेन्शन कशाला घेतेस? बाळासाठी मागतायत ना." आणि आईला न विचारता तिने आपला जुना गाऊन नेऊन दिला. आईने मग स्वतःचा म्हणून ओटीतला एक ब्लाऊजपीस काढला, साबणात दोनदा चोळून, उन्हात वाळवून, चुरगाळून जुना केला आणि त्याचा तुकडा पाठवला. तो कधी कुणाच्या अंगाला लागलेला नव्हता.

त्याच दिवशी तिने मला कामाला लावलं. "सुट्टी आहे ना तुला? जा तिच्याकडे. शिकायला जातेय म्हणून सांग. आणि डोळे उघडे ठेव." मी रोज दुपारी समोर जाऊन बसायला लागले. सुईत दोरा ओवून द्यायचा, चिंध्या रंगाप्रमाणे सुपात लावायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन अहवाल द्यायचा. दुपटं छोटं होतं, पण मावशींचा जीव त्यात अडकला होता. रोज तुकडे मांडायच्या आणि परत उचलायच्या. ताईच्या गाऊनचा निळा तुकडा त्यांनी बरोबर मधोमध घेतला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मधोमध? मधोमध कशाला?" चार कोपऱ्यांपैकी एक त्यांनी मूठभर उघडा ठेवला होता. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "त्यो शेवटाला." आईला हेही सांगितलं.

शेवटच्या दिवशी मावशींनी मला म्हटलं, "जा आता तू. ह्येच्या पुढचं माजं मी बघती." मी निघाले, पण चप्पल घालताना दाराच्या फटीतून पाहिलं. त्यांनी ओच्यातून काहीतरी काढलं, त्या उघड्या कोपऱ्यात दाबलं आणि टाका घालताना ओठ हलवत काहीतरी पुटपुटल्या. मी घरी येऊन आईला जे दिसलं ते सांगितलं. बघायलाच पाठवलं होतं मला, आणि आज विचारलंत तरी मी तेच सांगेन.

ताईला मुलगी झाली, सगळं नीट झालं. मावशींनी दुपटं आणून स्वतः बाळाखाली घातलं. आई हसली, पण तिचा हात लगेच दुपट्याच्या कडेवरून फिरला. चौथ्या कोपऱ्यात बोटाला गाठ लागली, कडक, चपटी. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात बाळ रोज संध्याकाळी रडायला लागलं. बाळंतशेपाची धुरी झाली, पोटावर हिंगाचं पाणी झालं, दृष्ट काढून झाली. बाबा म्हणाले, "अगं, पोट दुखतं बाळांचं. ही शैलासुद्धा अशीच रडायची." आई म्हणाली, "शैलाच्या वेळी समोर कोण राहायचं?"

शेवटी एका दुपारी ताई झोपली असताना आईने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि ब्लेडने तो कोपरा उसवला. आत एक वाळून कडक झालेला तुकडा होता, करड्या रंगाचा, एका बाजूला जळल्याचा काळा डाग. आईने तो हातात घेतला नाही, चिमट्याने उचलला. वास घ्यायला नाक पुढे नेलं आणि मागे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखाद्या गोष्टीचा वास घ्यायचं टाळलं. घेतला असता तर ज्वारी कळली असती. तिने तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला, कोपरा घाईघाईने हेमिंगच्या टाक्याने बंद केला आणि मला घेऊन वसाहतीजवळच्या तळ्यावर गेली. पाठमोरी उभी राहून तिने ती पुडी पाण्यात टाकली आणि वळून न बघता घरी आलो. पुडी बुडाली की नाही हे बघायची मला फार इच्छा होती, पण तिने माझं मनगट घट्ट धरलेलं.

बाळ त्या संध्याकाळीही रडलं. पण आईचा निकाल लागलेला होता. मावशींनी ताईसाठी अळिवाचे लाडू दिले होते, ते कचऱ्यात गेले आणि डबा घासून परत पाठवला, रिकामा. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी डबा घेऊन गेले तेव्हा मावशींनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर समोरून भाकरी थापल्याचा आवाज यायचा तेव्हा आई रेडिओ मोठा करायची. ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती विचारायची, "हिरामावशी का येत नाहीत गं?" आणि आई म्हणायची, "असेल काहीतरी काम."

बारशाला मात्र सगळ्या जिन्याला बोलवावं लागलं. एक दार सोडून बोलावलं असतं तर बोभाटा झाला असता. हॉलमध्ये पाळणा झिरमिळ्या लावून सजवला होता, घुगऱ्यांच्या बशा फिरत होत्या, बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. हिरामावशी सगळ्यांत शेवटी आल्या, हिरवं इरकल नेसून. पाळण्यात दुपटं चुरगळून पडलं होतं. त्यांनी सवयीने ते उचललं, झटकलं आणि अंथरताना कोपरे चाचपले. चौथ्या कोपऱ्यावर बोट थांबलं. त्यांनी तो उलटा करून पाहिला.

"ह्यातला घास कुनी काढला?"

"कसला घास?" सेक्रेटरींच्या बायकोने विचारलं.

"कसला म्हंजी? भाकरीचा. वाकळंला शेवटाला घास घालत्यात. उपाशी वाकळ कुनाला ऊब द्यायची? दोन-चार धुन्यांत इरघळून जातोय त्यो, पर तवर तिचं प्वाट भरलेलं असतंय. मी लेकराचं दुपटं जेवू घालून दिलं व्हतं. कुनीतरी उसवून घास काढलाय आन वरनं दुसराच टाका मारलाय." त्यांनी सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. "ह्या लेकराचं वाईट चिंतनारं कोन हाय हितं?"

आणि मग जे आमच्या घरात इतके दिवस चाललं होतं ते सगळ्या खोलीत पसरलं. वरच्या मजल्यावरची बाई खालच्या मजल्यावरच्या बाईकडे बघायला लागली. कुणाला आठवलं की अमकी मंगळवारी बाळ बघायला आली होती. एकीने हातातली घुगऱ्यांची बशी हळूच खाली ठेवली. नंदाताईने दुपट्याचा कोपरा ओढून जवळ घेतला. तो टाका आम्ही दोघी ओळखत होतो. आमच्या शाळेच्या प्रत्येक स्कर्टाला तो होता. ताईने मान वर केली. "आई?"

आई हळदीकुंकवाचं तबक धरून उभी होती. ती गप्प राहिली असती तर त्या दिवसापासून जिन्यातल्या कुठल्यातरी बाईच्या नावावर हे पाप चिकटलं असतं आणि आमचं काही बिघडलं नसतं. मला मनातून वाटत होतं, गप्प राहा. आई म्हणाली, "मी काढला."

"तू?" मावशी म्हणाल्या. "तू, नंदाच्या आईनं?"

"मला वाटलं तुम्ही काहीतरी घातलंय त्यात. शैलाने बघितलं, तुम्ही पुटपुटत होता. माझ्या पोरीचं आधीचं एक गेलंय हो. मी घाबरले." एवढ्या बायकांसमोर आईला असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला रडू फुटलं.

मावशी हलकेच म्हणाल्या, "मला लेकरू न्हाई म्हनून?"

आईने मान खाली घातली. ते उत्तर सगळ्यांना कळलं. मला वाटलं आता या दुपटं टाकून निघून जाणार, आणि गेल्या असत्या तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. त्या उठल्यासुद्धा. पण दाराकडे न जाता आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "खरं सांगू? मला बी तुजाच संशय आलता. सगळ्या जिन्यानं अंगावरचं कापड दिलं आन लेकीच्या आईनं साबनात चोळलेलं कोरं. तवाच माज्या मनात पाल चुकचुकली. म्हनलं, ह्या बाईच्या पोटात काय हाय लेकीबद्दल?"

ताईच्या तोंडून एकदम हसू फुटलं, रडता रडता. दोघी-चौघी पदर तोंडाला लावून हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी कमरेच्या बटव्यातून सुई काढली. "भाकरी आन."

"आज पुऱ्या केल्यात."

"मंग माज्या घरनं आनू?"

"नको," आई चटकन म्हणाली. "मी थापते." त्या क्षणीसुद्धा! सगळं बारसं ताटकळलं, आणि आई सणाच्या साडीचा पदर खोचून आत तांदळाची भाकरी थापत बसली. बाहेर मावशी हेमिंगचे टाके एकेक करून उसवत होत्या. आईने गरम भाकरी आणून समोर धरली तर मावशींनी तुकडा मोडला आणि तिच्याच तोंडापुढे केला. "आदी तू खा." आईने खाल्ला. मग मावशींनी एक घास स्वतः खाल्ला आणि चिमूटभर तुकडा आईच्या हातावर ठेवला. "तूच घाल. मी घातला तर रातभर डोळ्याला डोळा लागायचा न्हाई तुजा."

आईने तो कोपऱ्यात सारला. "काय म्हणायचं असतं?"

"काय न्हाई. लेकराला निजवताना म्हंतीस तेच. खाल्लंस, आता गप नीज. मी तेवढंच म्हनले व्हते."

आई तेवढंच म्हणाली. मावशी टाका घालायला लागल्या आणि थांबल्या. दोनदा उसवून कोपऱ्याचं कापड जाळीदार झालं होतं, टाका धरेना. "हितं वरनं ठिगळ पायजे." आई आत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात सकाळी अंगावरून काढलेली रोजची साडी होती, अजून न धुतलेली. कात्री घेऊन तिने सगळ्यांदेखत पदराचं टोक कापलं आणि मावशींपुढे धरलं. मावशींनी ते नाकाशी नेलं. फोडणीचा, घामाचा, बाळाच्या तेलाचा वास असणार त्याला. "हां," त्या म्हणाल्या, "आता आईचं झालं."

"उरलेला तुकडा मला परत दे," आई म्हणाली.

तेव्हा मात्र हिरामावशी हसल्या, पोट धरून हसल्या. त्यांनी ठिगळ त्रिकोणी बसवलं, कडेने धावदोरा घातला, जास्तीचं कापड कातरलं आणि सगळी चिंधी, तुटलेल्या दोऱ्यासकट, आईच्या तळहातावर ठेवली. आईने मूठ मिटली. मग दुसऱ्या हाताने पाळण्याची दोरी उचलून तिने ती सगळ्यांच्या आधी हिरामावशींच्या हातात दिली.